दोन खोल्या, साडेसात हजार: विडी घरकुलातल्या एका घराच्या कामाच्या नोंदी

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

घर सोलापुरातल्या विडी घरकुलातलं, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतलं. मापं घेतली. बाहेरची खोली १० बाय १० फूट, आतली स्वयंपाकाची १० बाय ८, उंची ९ फूट. वर स्लॅब आणि मोकळी गच्ची. आतल्या खोलीच्या पश्चिम भिंतीला पलीकडून न्हाणी लागून आहे. माणसं पाच. विड्या वळण्याचं काम घरातच. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड.

शेवटच्या दोन ओळी सगळ्यांत महत्त्वाच्या. मासिकातल्या फोटोत पाण्याचं बॅरल नसतं, तंबाखूचं सूप नसतं. सोलापुरात ही दोन्ही घरात असतात आणि जागेवर पहिला हक्क त्यांचाच. ती कुठे बसणार हे ठरल्याशिवाय बाकी एकही फळी ठरवायची नाही.

खर्चाची मर्यादा ७,५०० रुपये, मजुरी शून्य. रविवार आणि सणाच्या सुट्ट्या धरून पाडव्याच्या आत, म्हणजे ३० मार्चपूर्वी संपवायचं.

क्रम असा: आधी ओल, मग चुना, मग रंगाचा पहिला हात, मग भिंतीतली भोकं, मग रंगाचा दुसरा हात, मग फळ्या आणि डबे, शेवटी कापड. बहुतेक घरांत रंग पुरता लावून झाल्यावर ड्रिल चालवतात आणि विटेची लाल धूळ ओल्या बोटांनी नव्या भिंतीभर पसरते. भोकं दोन हातांच्या मधे पाडली तर डाग दुसऱ्या हाताखाली जातात.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

जमिनीला टेकलेल्या वस्तू मोजल्या: ४१. यात कॉट, बॅरल, सिलिंडर, डबे, बादल्या, पिशव्या, चपला, वाकळांची वळकटी, सगळं आलं. लक्ष्य १५ च्या आत.

जुन्या धाब्याच्या घरात हा प्रश्न एवढा नव्हता, कारण भिंतच कामाला लावलेली असे. कोनाड्यात दिवा आणि काड्यापेटी, खुंटीला सदरा, दांडीवर वाकळा, आढ्याला टांगलेल्या शिंक्यात दूधदुभतं. चार इंची विटेच्या भिंतीत कोनाडा कोरता येत नाही, स्लॅबला आढं नसतं, म्हणून सगळं खाली आलं. या कामात कपाट विकत घ्यायचं नाही. खुंटी, फळी आणि दांडी परत आणायच्या.

निवड करताना तीन ढीग केले: आठवड्यात लागतं, वर्षात लागतं, लागत नाही. चौथा ‘बघू’चा ढीग केला की काम तिथेच बसतं. रिकामे प्लास्टिकचे डबे झाकणासकट जुळले तेवढेच ठेवले. भंगारात ३१० रुपये आले. ते मर्यादेत धरलेले नाहीत.

नवे प्लास्टिकचे रंगीत डबे आणायचा मोह याच दिवशी होतो. आणू नयेत. किती डबे लागतात हे फळी लागल्यावर कळतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

न्हाणीलगतच्या भिंतीवर जमिनीपासून दोन फुटांपर्यंत रंग फुगलेला, हात लावला की पांढरी भुकटी. हा लोणा. विटेतले क्षार पाण्याबरोबर पुढे येतात, पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागावर उरतात आणि रंगाला आतून ढकलतात.

चाचणी: १ फूट चौरस जाड पारदर्शक प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावलं. दोन दिवस ठेवायचं. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला आले तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या अंगाला आले तर ती हवेतली वाफ, म्हणजे स्वयंपाकाची किंवा न्हाणीची.

सोमवार, १० फेब्रुवारी

थेंब भिंतीकडच्या अंगाला. न्हाणीत बघितलं तर फरशी आणि भिंत जिथे मिळतात तो सांधा साडेतीन फूट उघडा. सांधा खिळ्याने अर्धा इंच खोल उकरला, ब्रशने झाडला, किंचित ओला करून पांढरं सिमेंट दाबून भरलं. दोन दिवस न्हाणी बंद, अंघोळी बाहेरच्या मोरीवर. खर्च ९० रुपये.

लोणा कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करून बाहेर टाकला. पाण्याने धुवायचा नाही. धुतला की क्षार विरघळून पुन्हा विटेत शिरतात, महिन्याने परत बाहेर. या भिंतीला ऑइलपेंट, प्लास्टिक पेंट किंवा टाइल्सचे स्टिकर लावायचे नाहीत. ओल कोंडली की ती दोन फुटांवरून तीन फुटांवर चढते. चुन्यातून भिंत श्वास घेते, म्हणून आतल्या खोलीला चुनाच.

बुधवार, १२ फेब्रुवारी

कळीचा चुना १० किलो भिजवला. प्रमाण: १ किलो कळीला ५ लिटर पाणी. एका वेळी २ किलो, पत्र्याच्या जुन्या डब्यात. आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी. उलट केलं, कळीवर थोडंसं पाणी ओतलं, तर ती फुटून अंगावर उडते. पाणी उकळायला लागतं, म्हणून प्लास्टिकची बादली नको. मऊ पडून कलते. अॅल्युमिनियमचं पातेलं तर अजिबात नको, चुना त्याला खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. चष्मा घालून, पोरांना लांब ठेवून. डोळ्यात गेला तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याची धार निदान १५ मिनिटं आणि मग सरळ दवाखाना.

किमान २४ तास मुरू द्यायचा. इथे चार दिवस ठेवला. कमी मुरलेल्या चुन्यातले खडे भिंतीवर लागल्यानंतर फुलतात आणि तिथे टाचणीएवढे फोड येतात.

रविवार, १६ फेब्रुवारी

आतल्या खोलीचा जुना डिस्टेंपर खरवडला. चुना डिस्टेंपरवर धरत नाही, हे रंगारी सांगतात तरी लोक वरूनच मारतात आणि पावसाळ्यात पापुद्रे उचलतात. ओल्या फडक्याने भिंत भिजवून दहा मिनिटांनी पत्र्याची पट्टी चालवली. १० बाय ८ च्या खोलीला दोघांचे पाच तास लागले. या कामातला सगळ्यांत कंटाळवाणा भाग हाच आणि सगळ्यांत कमी दिसणाराही.

चुना जाड्या कापडातून गाळला. डिंक २०० ग्रॅम गरम पाण्यात विरघळवून घातला. हिशेब लिटरला ४ ग्रॅम. नीळ ३० ग्रॅम, किलोला ३ ग्रॅम. नीळ याहून जास्त झाली तर भिंत दवाखान्यासारखी दिसते.

भिंतीवर आधी पाणी शिंपडलं. पहिला हात उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा, दोन हातांमधे वाळायला पूर्ण वेळ. ओला चुना जवळपास पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावर पांढरा होतो, त्यामुळे नवखा माणूस ‘बसला नाही’ म्हणून जाड थर मारतो आणि तो थर तडकतो. पातळच मारायचा.

हाताला पांढरं लागतं अशी चुन्याबद्दल तक्रार असते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि त्याला तोवर थोडा ओलावा लागतो. फेब्रुवारीतली इथली कोरडी हवा आणि वर पंखा फुल्ल: पाणी अर्ध्या तासात उडतं आणि चुना भुकटीच राहतो. पंखा बंद ठेवला, दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी मारलं. चुना, डिंक, नीळ, कुंचा मिळून ४२० रुपये.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. बॅरलचा कट्टा.

२०० लिटरचं बॅरल भरलं की पाणीच २०० किलो. ते लाकडी स्टुलावर किंवा नुसत्या चार विटांवर ठेवलेलं अनेक घरांत दिसतं. एक वीट सरकली की संपलं. इथे २२ इंच लांबीच्या तीन समांतर भिंती बांधल्या, एका थराला अडीच विटा, चार थर, एकूण ३० विटा. सिमेंट-वाळूचा मसाला एकास सहा. वर २ बाय २ फुटांची एक शहाबादी फरशी. मधली भिंत गाळू नये. शहाबादी दाबाला दणकट, पण मधून अधांतरी राहिली आणि वर वजन आलं की सरळ रेषेत चिरते. भिंतींच्या मधल्या पोकळ्यांत झाडू आणि पायपुसणं राहतं.

कट्टा १२ इंच, फरशी १ इंच. बॅरलला तळापासून ४ इंचांवर नळ. म्हणजे नळ जमिनीपासून १७ इंचांवर आणि खाली बादली सरळ बसते. उंची ठरवताना बादली सोबत ठेवून मोजा. कट्टा बांधून झाल्यावर बादली तिरकी करून भरावी लागणारी घरं सोलापुरात कमी नाहीत.

नळाचं भोक: अर्ध्या इंची टँक निपलला (बॅरलच्या अंगात बसवून नळ जोडायचा आट्यांचा तुकडा) २२ मि.मी. होल सॉ, म्हणजे गोल भोक कापणारं पातं. तापवलेल्या सळईने भोक पाडू नये. कड जाड आणि वाकडी होते, वॉशर बसत नाही. बॅरलचं अंग गोल असल्यामुळे पातळ वॉशर दोन टोकांना उचलला जातो, म्हणून आतून-बाहेरून जाड रबरी वॉशर. नट हाताने घट्ट आणि पान्याने फक्त अर्धा फेरा. जास्त पिळलं की रबर बाहेर ढकललं जातं आणि गळती तिथूनच. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने दहा-बारा वेढे.

सात दिवस कट्ट्यावर रोज पाणी मारायचं, तोवर बॅरल चढवायचं नाही. तळातले ४ इंच पाणी नळातून येत नाही, गाळ तिथे बसतो. म्हणून आठवड्यातून एकदा बॅरल पूर्ण रिकामं करून, आतून घासून, कोरडं करायचं. डेंगीच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याच्या कोरड्या दिवसाने त्याची साखळी तुटते. घासणं महत्त्वाचं, कारण अंडी पाण्याच्या रेषेवर काठाला चिकटलेली असतात. तोंडाला झाकणाखाली जुन्या धोतराचं दुहेरी कापड, दोरीने बांधून. खर्च ६२०.

शनिवार, २२ फेब्रुवारी

बाहेरच्या खोलीला डिस्टेंपरचा पहिला हात. भिंतींचं क्षेत्र ३६० चौरस फूट, दार-खिडकी वजा जाता ३२८. या खडबडीत भिंतीवर दोन हातांना किलोमागे साधारण ४० चौरस फूट धरले, म्हणजे सव्वाआठ किलो. १० किलोचा डबा पुरतो.

जुना रंग इथे घट्ट होता. चिकटपट्टी दाबून लावली आणि झटक्यात ओढली. पट्टीला रंग आला नाही तर खरवडायची गरज नाही, पॉलिश पेपर पुरतो. भेगांना पुट्टी: १ किलोला सुमारे पावणेचारशे मिलि पाणी, तीन तासांत संपेल एवढीच कालवायची. घट्ट व्हायला लागली म्हणून वरून पाणी घातलं की ती भिंतीवर खडूसारखी राहते.

खिडकी एकच आणि पूर्वेला, म्हणून रंग मोतिया. गडद निळ्या भिंतीची फर्माईश होती. १० फुटांच्या खोलीत एका खिडकीवर ती संध्याकाळी पाचलाच दिवा लावायला लावते.

रविवार, २३ फेब्रुवारी

भोकं. ड्रिल मशीन भाड्याने, एका दिवसाचे २००.

फळीची उंची ठरवली ती टेपने नाही, वापरणाऱ्या बाईंच्या हाताने. त्यांचा हात वर करून तळवा सपाट टेकतो ती वरची फळी, खांद्याच्या रेषेला खालची. दोन्ही टोकांची रेषा पारदर्शक नळीत पाणी भरून जुळवली. फरशीवरून मोजू नका. या घराची फरशी मोरीकडे पाऊण इंच उतरती आहे.

भोक पडताना धूळ वाचायची. आधी करडी म्हणजे गिलावा. पुढे लाल आली म्हणजे वीट, उत्तम. करडीच राहिली आणि बिट भसकन आत गेलं म्हणजे विटांचा सांधा. तिथला वाळूचा मसाला गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायची प्लास्टिकची खुंटी) धरत नाही, दोन इंच सरका. करडी आणि बिट पुढेच जात नाही म्हणजे काँक्रीट, किंवा आतली सळई. बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत भोक नाही. वायरिंगचा पाइप तिथूनच जातो.

८ मि.मी. बिट, खोली ६० मि.मी. बिटला ६० वर रंगीत टेपची खूण. गिलावा १२ ते १५ मि.मी. असतो आणि गिट्टी त्याच्या पलीकडे विटेत बसली पाहिजे. ३० मि.मी. भोकात कोंबलेली गिट्टी गिलाव्यासकट एक दिवस खाली येते. भोकातली धूळ सायकलच्या पंपाने उडवली. धूळ राहिली की गिट्टी स्क्रूबरोबर गरगर फिरते. मोठं झालेलं भोक काड्यापेटीच्या काड्यांनी भरायची युक्ती कॅलेंडरपुरती ठीक, फळीला नाही.

ब्रॅकेटची लांब बाजू भिंतीला. फळीवरचं वजन वरचा स्क्रू बाहेर ओढत असतं. तो आणि खालचा टेकू यांतलं अंतर जेवढं जास्त, तेवढी ओढ कमी. साडेसात फुटी फळीला चार ब्रॅकेट: दोन्ही टोकांना ६ इंच मोकळे, मधे २६-२६ इंच.

सोमवार, २४ फेब्रुवारी

डिस्टेंपरचा दुसरा हात. रंग, पुट्टी, पेपर, ब्रश धरून १,२५०.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. फळ्या बसवल्या. १८ मि.मी. प्लायचे तुकडे सुताराकडून ८५० ला. पूर्ण शीट घेतलं असतं तर निम्मं वाया गेलं असतं. १२ मि.मी. स्वस्त पडतो, पण स्टीलच्या भरल्या डब्यांखाली २० इंचांच्या पुढे पोट सोडतो. दोन तुकडे जोडताना सांधा ब्रॅकेटवरच आणला. पुढच्या काठाला खालून दीड इंच रुंदीची पट्टी उभी ठोकली. वाकण्याला जाडी नाही, उभी उंची रोखते, म्हणून एवढीशी पट्टी खूप काम करते. प्लायचे कापलेले काठ फेव्हिकॉल-पाण्याने दोनदा पुसले, नाहीतर फोडणीची वाफ तिथून शिरते.

ज्वारीची कोठी जमिनीवरच. ५० किलो भिंतीवर चढवायचं नसतं. कडक भाकऱ्यांचा डबा वरच्या फळीवर, चुलीपासून सगळ्यांत लांब. वाफ लागली की भाकरी वातड होते. शेंगाचटणी, तिखट, मीठ खांद्याच्या रेषेला. ब्रॅकेट, गिट्ट्या, स्क्रू, ड्रिलचं भाडं धरून फळ्यांचे १,५६०.

शनिवार, १ मार्च

विडीची बैठक. दारालगत, खिडकी डाव्या हाताला, म्हणजे उजव्या हातातल्या कात्रीची सावली पानावर पडत नाही. मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते. पाच-सहा तास एकाच जागी बसणं असतं, तेव्हा उजेड आणि पाठ यांवर कंजुषी नको. पाठ टेकते तिथे भिंत काळी पडते, म्हणून ४ फूट रुंद, ३ फूट उंच पट्टा ऑइलपेंटचा. ही भिंत पूर्ण कोरडी आहे, म्हणूनच.

तंबाखू झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. त्याची धूळ वाकळांत आणि पिठात जाते, त्यामुळे अंथरुणं आणि धान्य खोलीच्या दुसऱ्या टोकाला. भिजवलेल्या पानांचं ओलं पोतं भिंतीला टेकवायचं नाही, ताटात ठेवायचं. फर्मा (पान कापायचा साचा), कात्री आणि दोऱ्याच्या रिळांना बसल्या हाताला लागेल अशी २२ इंचांवर खुंट्यांची पट्टी.

रविवार, २ मार्च

तेलाच्या १५ किलोच्या सहा पत्र्याच्या डब्यांचे खण. डबा सुमारे सव्वानऊ इंच चौरस, उंची चौदाच्या आसपास. आडवा टाकून वरची बाजू कापली की चौदा इंच खोल खण तयार होतो. कापताना काठ पाव इंच जास्त ठेवला, पक्कडीने आत दुमडला, हातोडीने बसवला. न दुमडलेला काठ बोट कापतो, आज ना उद्या.

आत गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून दोनदा धुतले. तरी पहिल्या डब्यावरचा रंग रात्रीतून सापाच्या कातीसारखा सुटला. तेलाचा पातळ थर बोटाला जाणवत नाही. परीक्षा पाण्याची: पाणी सपाट पसरलं तर डबा स्वच्छ, थेंब थेंब होऊन गोळा झालं तर अजून तेल आहे. बाकीचे पाच तिसऱ्यांदा धुऊन, पॉलिश पेपर मारून, रेड ऑक्साइड आणि मग ऑइलपेंट. कांद्याच्या डब्याला खिळ्याने भोकं, बाहेरून आत मारून आणि आतली टोकं घासून. बटाटे वेगळ्या डब्यात. कांद्याशेजारी ते लवकर कोंब धरतात. खर्च ६४०.

रविवार, ९ मार्च

पडदा चादरीचा. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण इथे कामाचा माल सेकंडचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या आणि पूर्व भागातल्या कारखान्यांतून निघालेल्या, विणीत चूक राहिलेल्या दोन चादरी ५०० ला.

चूक कुठली ते बघून घ्या. बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यात, चूक असेल तर ती आडवी रेघ. काठाजवळ असली की दुमडीत जाते. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटलेला असेल तर रेघ टोकापासून टोकापर्यंत उभी, कुठेच लपत नाही. मागाच्या तेलाचा डाग असेल तर गरम पाणी लावण्याआधी साबण चोळा, नंतर तो पक्का होतो. ओलं पांढरं फडकं रंगावर घासून बघा. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो ही समजूत आहे, सुटणारा रंग सुटतोच. पहिल्या दोन धुण्यांना चादर एकटी.

कापण्याआधी धुतली: ९० इंचांची ८६ झाली. दार ३ फूट रुंद. पातळ कापडाला दुप्पट रुंदी धरतात, जकार्डच्या जाड चादरीला सव्वापट पुरे, म्हणजे ४५ इंच. दुप्पट घेतली तर पडदा बाजूला सरकवल्यावर अर्धं दार अडतं. पाइपपासून जमीन ८१ इंच, खाली १ इंच मोकळा, पाइपची नळी ३, खालची दुमड ३: बरोबर ८६. कापलेल्या काठाचे धागे लगेच सुटतात, म्हणून आधी शिलाई आणि मग कात्री. सुई १८ नंबर, टाका लांब. १६ नंबरची सुई चार थरांवर मोडली.

स्प्रिंगच्या तारेवर चादर टिकत नाही, मधे झोळ पडतो. पाऊण इंची स्टीलचा पाइप घेतला. उरलेल्या १५ इंची पट्टीचा दारामागे खिशांचा पडदा केला: बिलं, औषधं, चार्जर. एकूण ८६०.

शनिवार, १५ मार्च

धुळवडीनंतरचा दिवस. टॉवेलच्या चिंध्यांचं गोल पायपुसणं, व्यास २ फूट. चिंध्या ३ किलो, दोरा धरून २२० रुपये.

दोन इंच रुंद पट्ट्या, तीन पेडी वेणी, तयार वेणी इंचभर रुंद. दोन फुटी वर्तुळाला अशी सुमारे ३८ फूट वेणी लागते. विणताना लांबी जवळपास तिसऱ्या हिश्शाने आखडते, म्हणजे प्रत्येक पेडाला ५५ फुटांच्या आसपास पट्टी. पट्ट्यांची टोकं गाठी मारून जोडू नयेत, पायाला टोचतात. चीर देऊन एकातून एक ओवायची.

मधल्या चार फेऱ्यांत वेणी सैल सोडत गुंडाळायची आणि सपाट फरशीवर ठेवूनच शिवायची. मांडीवर शिवलं की वाटी होते. वाटी झालीच तर ताणून काही होत नाही, तिथपर्यंत उसवावं लागतं. काठ झालरीसारखा लहरला तर उलट चूक, वेणी जास्त सैल सुटली.

गुरुवार, २० मार्च

वाकळा आणि वाळत घालायच्या कपड्यांसाठी दांडी. बाहेरच्या खोलीत स्लॅबला दोन ८ मि.मी. हुकाचे फास्टनर, त्यांत दोरीने ७ फुटी पाऊण इंची पाइप. पंखा आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या रेषेवर भोक नाही. बिट मधेच अडून खणखण वाजलं म्हणजे सळई, इंचभर बाजूला. पंख्याच्या पात्यापासून अडीच फूट अंतर. ओली चादर दांडीवर घालायची नाही, तिचं वजन भलतंच होतं आणि खाली फरशीवर तळं, ती गच्चीवर. खर्च ६२०.

रविवार, २३ मार्च

गच्चीला चुना, २२० चौरस फूट. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि स्लॅब रात्री अकरापर्यंत ऊन ओकत राहतो. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो.

मुरलेला चुना १५ किलो, फेव्हिकॉल २ किलो, पांढरं सिमेंट ५ किलो. सिमेंट सगळ्या चुन्यात एकदम घालायचं नाही, तासाभरात संपेल तेवढ्यातच. काम संध्याकाळी साडेपाचनंतर, गच्ची झाडून, धुऊन, ओलसर असताना. दुपारी तापलेल्या स्लॅबवर मारलेला हात तव्यावरच्या पाण्यासारखा उडतो. दुसरा हात सोमवारी संध्याकाळी. पन्हाळीचं तोंड बुजलेलं नाही ना ते बघितलं. खर्च १,०८०.

शनिवार, २९ मार्च

जमिनीला टेकलेल्या वस्तू १३. कॉट विटांवर चार इंच उचलली, खाली ट्रंक आणि पाडव्याला लागणारी गुढीची काठी. एकूण खर्च ७,३६०.

रविवार, ८ जून

पावसानंतरची पाहणी.

बॅरलचा नळ थेंब थेंब गळतो. आटे चांगले आहेत, आतला वॉशर एका बाजूला दबलाय. बॅरल रिकामं असेल त्या दिवशी बदलायचा, २० रुपये.

न्हाणीलगतच्या भिंतीला खालच्या नऊ इंचांत पुन्हा हलका लोणा. सांधा शाबूत, म्हणजे हे विटेत आधीच साठलेले क्षार. कोरडा ब्रश आणि चुन्याचा एक हात. असं आणखी एक-दोन पावसाळे करावं लागेल. तिथे ऑइलपेंट मारून टाकू, ही सूचना घरातून पुन्हा आली आणि पुन्हा नाकारली.

गच्चीवर उत्तरेच्या कोपऱ्यात चार फूट चुना धुऊन गेला. तो शेवटचा घाणा होता, त्यात फेव्हिकॉल तळाशी राहिलेला. दर वेळी ढवळून घ्यायला हवा होता. पाऊस उघडला की तेवढाच तुकडा. कळीतला ५ किलो चुना उरला होता, तो भिजवून जुन्या रांजणात पाण्याखाली ठेवलाय. वर चार बोटं पाणी कायम राहिलं तर तो खराब होत नाही, उलट मऊ होत जातो. दर रविवारी पाणी बघायचं.